डिसेंबरचं तिकीट काढायचं की थांबायचं? डिव्हिजन थ्री फुटबॉलच्या प्लेऑफ वेळापत्रकाबद्दल

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या संघात लाइनबॅकर म्हणून खेळतो. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, डिव्हिजन थ्री म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या तीन विभागांपैकी तिसरा, आणि प्लेऑफ म्हणजे मोसमानंतरची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा. संघाने आठ सामने जिंकलेत, एक हरलाय, एक बाकी आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याला त्यांच्या भाचीचं लग्न आहे आणि चौघांची तिकिटं काढायची आहेत. मुलगा म्हणतो, "प्लेऑफला गेलो तर माझं काही सांगता येत नाही." कोचना विचारलं तर तेही म्हणतात, रविवारी कळेल. ताई विचारतात की एवढी मोठी राष्ट्रीय स्पर्धा, आणि पुढच्या शनिवारी मुलगा कुठे असेल हे आठवडाभर आधीसुद्धा कोणी सांगू शकत नाही, असं कसं? आणि आता तिकिटाचं करायचं काय?

मी मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजच्या क्रीडा विभागात १४ वर्षं काम करते. संघाची बस, हॉटेल, जेवण, सामन्याच्या दिवसाचं मिनिटामिनिटाचं नियोजन हे सगळं माझ्याकडे. आमचा संघ या काळात अनेकदा प्लेऑफला गेला, तेव्हा ताईंच्या प्रश्नाची दुसरी बाजू मी दरवर्षी नोव्हेंबरात जगते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुम्हाला वाटतंय की तारखा ठरलेल्या नाहीत. तारखा ठरलेल्याच असतात, अगदी वर्षभर आधीपासून. ठरलेलं नसतं ते बाकीचं सगळं: आपला संघ आहे की नाही, समोर कोण, आणि सामना आपल्या मैदानावर की आठ तास लांब. या दोन गोष्टी वेगळ्या केल्यात तर तुमचं तिकीट बरंच सोपं होईल.

आधी तारखा. उदाहरण म्हणून २०२४ चा मोसम घेते, कारण त्या वर्षापासून स्पर्धेचा आकार बदलला. तोवर ३२ संघ असायचे, २०२४ पासून ४० झाले. १७ नोव्हेंबरच्या रविवारी कोणते संघ खेळणार याची निवड जाहीर झाली. पहिली फेरी २३ नोव्हेंबरला, दुसरी ३० नोव्हेंबरला म्हणजे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी (हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो), तिसरी ७ डिसेंबरला, उपांत्यपूर्व १४ ला, उपांत्य २१ ला, आणि अंतिम सामना, ज्याला स्टॅग बोल म्हणतात, ५ जानेवारी २०२५ ला ह्यूस्टनमध्ये. नॉर्थ सेंट्रलने माउंट युनियनला ४१-२५ असं हरवलं. २०२५ च्या मोसमातही साचा हाच राहिला, अंतिम सामना जानेवारीच्या पहिल्या रविवारी. म्हणजे निवडीच्या रविवारनंतर ओळीने पाच शनिवार, मग नाताळची सुट्टी, मग शेवटचा सामना.

आता या शनिवारांचं गणित. ४० संघांतले २४ संघ पहिल्या शनिवारी खेळतच नाहीत, त्यांना बाय मिळतो, म्हणजे थेट दुसऱ्या फेरीत प्रवेश. उरलेले १६ आपसात खेळतात, आठ घरी जातात. थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी ३२ संघ मैदानात उतरतात आणि १६ बाहेर पडतात. म्हणजे त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत ४० पैकी २४ संघांचा मोसम संपलेला असतो. डिसेंबरात खेळायला फक्त १६ उरतात, उपांत्य फेरीला चार. डिव्हिजन थ्रीमध्ये फुटबॉल खेळणारी सुमारे २४० कॉलेजं आहेत, त्यातल्या बहुतेकांचा मोसम नोव्हेंबरच्या मध्यालाच आटोपतो. तुमचा मुलगा खेळू नये असं मी अजिबात म्हणत नाही. पण तिकिटाचा विचार करताना हे आकडे समोर असावेत, कारण घरात सहसा दोनच टोकं बोलली जातात: "आपण जिंकणारच" किंवा "आपला कुठे नंबर लागतोय".

तुमच्या मुलाचा संघ या चाळिसात असेल का, हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. त्यांनी आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे मोसमात आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं, विजेतेपद मिळवलं तर प्रवेश आपोआप मिळतो. बहुतेक जागा अशाच भरतात. २०२४ मध्ये ४० पैकी २८ जागा अशा होत्या. विजेतेपद हुकलं तर उरलेल्या थोड्या जागांसाठी देशभरातल्या चांगल्या संघांशी स्पर्धा. पूर्वी या जागा समिती चर्चेतून ठरवायची. कोण कोणाशी हरलं, किती बलाढ्य संघाशी खेळलं, सगळं टेबलावर मांडून. २०२४-२५ पासून डिव्हिजन थ्रीने त्यासाठी एनपीआय नावाची संख्या आणली. जय-पराजय, प्रतिस्पर्ध्याची ताकद, तगड्या संघाला हरवल्याचा बोनस, हे सगळं त्यात येतं. म्हणून तो एक पराभव कोणाविरुद्ध झाला हे विचारा. कॉन्फरन्समध्ये पहिल्या नंबरच्या संघाकडून हरले असतील, तर ८-१ दिसायला कितीही छान असलं तरी खात्री नाही.

मग ही निवड रविवारच्या आधी का होत नाही? कारण मोसमाचा शेवटचा शनिवार संपेपर्यंत कोण विजेता हेच माहीत नसतं. पश्चिम किनाऱ्यावरचा सामना संपतो तेव्हा तुमच्या न्यू जर्सीत रात्र झालेली असते. शिवाय एका सामन्याने फक्त त्या दोन संघांचे आकडे हलत नाहीत. त्यांच्याशी खेळलेल्या सगळ्यांचे थोडे थोडे हलतात. आणि कोण आत हे ठरल्यावर खरं अवघड काम सुरू होतं, ते म्हणजे कोणाला कुठे पाठवायचं.

इथे पैशाचा प्रश्न येतो, आणि तो समजल्याशिवाय या वेळापत्रकातलं काहीच नीट कळत नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. टीव्हीचा मोठा पैसा नसतो. कॉलेजांचे खेळ चालवणारी राष्ट्रीय संस्था म्हणजे एनसीएए; तिच्या एकूण उत्पन्नातला ३.१८ टक्के वाटा या विभागाला मिळतो, आणि त्याचा मोठा भाग राष्ट्रीय स्पर्धांवरच खर्च होतो. प्लेऑफचा प्रवासखर्च एनसीएए उचलते, कॉलेज नाही. फुटबॉलचा संघ म्हणजे खेळाडू, कोच, डॉक्टर, ट्रेनर, खोकीच्या खोकी सामान. त्याला विमानाने न्यायचं म्हणजे बहुतेक वेळा अख्खं विमानच ठरवावं लागतं. म्हणून वर्षानुवर्षं एक रेषा पाळली गेली आहे: ५०० मैलांच्या आत असेल तर बसने जा, पलीकडे असेल तरच विमान. ५०० मैल म्हणजे आपल्याकडचं जवळजवळ मुंबई ते नागपूर. बसच्या चालकाला इथे कायद्याने सलग विश्रांतीनंतर १० तासच गाडी चालवता येते. थांबे धरून मुंबई-नागपूर एवढा पल्ला त्यात कसाबसा बसतो. दोन चालक ठेवायचे की वाटेत बदलायचे, हा माझा दर नोव्हेंबरचा हिशोब.

त्यामुळे ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, आखताना ताकदीइतकंच नकाशाकडे बघितलं जातं. टेक्सासच्या संघांना याचा फटका सगळ्यात जास्त बसला आहे. ५०० मैलांत दुसरे संघच कमी, म्हणून दोन चांगले टेक्सासी संघ पहिल्याच फेरीत समोरासमोर उभे केले जायचे आणि त्यातला एक घरी जायचा. तुम्ही पेनसिल्व्हेनियात आहात, तुमच्या आसपास पाच तासांत डझनावारी संघ आहेत. तेव्हा पहिले एक-दोन सामने गाडीने जाता येईल अशा अंतरावरच होण्याची शक्यता खूप आहे. मैदानावर जाऊन सामना बघायचं ठरवलंत तर त्यासाठी विमानाच्या तिकिटाची घाई करू नका.

घरचं मैदान वरच्या मानांकनाच्या संघाला मिळतं, पण त्यालाही अटी आहेत: मैदान, कपडे बदलायच्या खोल्या, जवळपास पाहुण्या संघासाठी हॉटेल, रुग्णवाहिका. अंतिम सामना मात्र ठरलेल्या ठिकाणी होतो. १९९३ पासून २०१७ पर्यंत तो व्हर्जिनियातल्या सेलममध्ये झाला, आता फिरता आहे.

आता आमचा रविवार कसा जातो ते सांगते, म्हणजे कोच तुम्हाला काही लपवत नाहीयेत हे पटेल. दुपारी सगळा संघ मोठ्या खोलीत पडद्यासमोर बसलेला असतो. मी मागे दाराशी उभी, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कागद. कागदावर तीन रकाने: घरी, बस, विमान. प्रत्येक रकान्यात हॉटेलचे, बसवाल्यांचे, केटररचे नंबर आधीच लिहिलेले. आमचं नाव आलं की मुलं ओरडतात, टेबलं बडवतात, आणि मी त्याच गोंगाटात बाहेर येऊन पहिला फोन बसवाल्याला लावते. त्याच क्षणी त्याच भागातली आणखी चार कॉलेजं त्याच बसवाल्याला फोन करत असतात. एका वर्षी मला दुसरी बस सोमवारी दुपारपर्यंत मिळाली नव्हती, आणि शुक्रवारी सकाळी आम्हाला निघायचं होतं. त्या रविवारी पालकांना मी काय सांगणार होते? मला स्वतःला कळलेलं नव्हतं.

थँक्सगिव्हिंगचा आठवडा याहून कठीण. कॉलेज बंद असतं. मेस बंद, हॉस्टेलं रिकामी, लायब्ररीचे दिवे मालवलेले. त्यात शंभरेक तरुण मुलं आणि गुरुवारी सकाळी सराव. आमच्याकडे रीत अशी आहे की सराव संपला की जवळ राहणारे कर्मचारी आणि स्थानिक खेळाडूंची घरं मुलांना वाटून घेतात. माझ्याकडे एका वर्षी सहा जण आले होते. टर्की मला जमत नाही, म्हणून मी मोठ्या पातेल्यात पुलाव केला आणि बटाट्याची भाजी. त्यातला एक ऑफेन्सिव्ह लाइनमन, दाराच्या चौकटीतून जरा वाकून आत आलेला, जेवण झाल्यावर बाहेर व्हरांड्यात जाऊन आईशी फोनवर बोलत उभा राहिला. पहिल्यांदाच तो या दिवशी घरी नव्हता. बराच वेळ बोलला, आत आला तेव्हा डोळे लाल होते, आणि मग सगळ्यांची ताटं उचलायला लागला. तुमच्या घरी थँक्सगिव्हिंग फार मोठा नसेल, पण मुलाच्या मित्रांसाठी तो दिवाळीसारखा आहे. त्या गुरुवारी तुमचं घर पाच तासांच्या आत असेल तर डबा घेऊन जा. खरंच जा.

आणि परीक्षा. उपांत्यपूर्व फेरीचा शनिवार बहुतेक कॉलेजांत सत्रपरीक्षेच्या अगदी तोंडावर किंवा मध्येच येतो. शुक्रवारी सकाळी बस सुटणार आणि शुक्रवारी दुपारी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पेपर, असं दरवेळी कोणाचं तरी असतं. मग प्राध्यापक पेपर बंद लिफाफ्यात देतात, लिफाफ्याच्या कडेवर सही, आणि हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये मी समोर घड्याळ ठेवून बसते. बोटांना टेप गुंडाळलेला मुलगा बेंझिनच्या कड्या काढतोय आणि भिंतीपलीकडे त्याचा संघ व्हिडिओ बघतोय, हे मी अनेकदा पाहिलंय. पेपर झाला की लिफाफा पुन्हा बंद, माझी सही, वेळ, आणि तो माझ्या बॅगेतून परत कॉलेजात. हे सगळं जमतं, पण प्राध्यापकांना आधी माहीत असेल तरच. तुमच्या मुलाने अजून एकाही प्राध्यापकांशी बोलणं केलं नसेल तर त्याला आजच सांगा. "आम्ही कदाचित जाऊ" एवढं वाक्य नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोललेलं असलं की डिसेंबरात लोक मदत करतात. आदल्या दिवशी विचारलं तर चांगल्यातला चांगला प्राध्यापकही वैतागतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

मला या वेळापत्रकात काय बदलावंसं वाटतं हेही सांगते. ४० संघ करणं योग्यच झालं. मोसमभर जीव तोडून खेळलेल्या मुलांना आणखी आठ जागा मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एक फेरी वाढली आणि स्पर्धा नाताळ ओलांडून गेली. २०२३ पर्यंत सगळं डिसेंबरच्या मध्यात संपायचं. त्या वर्षी १५ डिसेंबरच्या शुक्रवारी सेलममध्ये कोर्टलंडने नॉर्थ सेंट्रलला ३८-३७ असं एका गुणाने हरवलं आणि मुलं सुट्टीला घरी गेली. आता उपांत्य फेरी जिंकलेले दोन संघ नाताळाच्या दिवसांत रिकाम्या कॉलेजात सराव करतात. मोसमाचे १० सामने ११ आठवड्यांत खेळता येतात, म्हणजे एक आठवडा मोकळा असतो. तो आठवडा काढून स्पर्धा लवकर सुरू करावी असं मला वाटतं. याला विरोध करणारे ट्रेनर माझ्याच विभागात आहेत. ते म्हणतात, या खेळात शरीर शनिवारी मोडतं आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत जेमतेम जोडलं जातं. मध्ये एक मोकळा आठवडा नसेल तर नोव्हेंबरात दुखापती वाढतील. ऑगस्टात आधी सुरू करा म्हणावं, तर उन्हाच्या झळा, आणि हॉस्टेलं लवकर उघडायचा खर्च. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. तरीही परीक्षा आणि नाताळ या दोन्हींचा भार एकाच मुलावर पडतो तेव्हा मला वाटतं, कुठेतरी जागा काढायला हवी.

आठवड्यात दोन सामने घेऊन स्पर्धा लवकर का संपवत नाहीत, असं आपल्याकडचे नातेवाईक मला नेहमी विचारतात. कबड्डीच्या स्पर्धा आठवडाभरात होतात, हे का नाही? कारण हा खेळ आठवड्यातून एकदाच खेळण्याजोगा आहे. सात दिवसांचं अंतर ही स्पर्धेतली एकमेव गोष्ट आहे जिला कोणी हात लावत नाही.

वरच्या विभागांतही हीच ओढाताण आहे, पैसा थोडा जास्त एवढाच फरक. डिव्हिजन टूने २०२५ मध्ये २८ संघांवरून ३२ केले. डिव्हिजन वनमधल्या एफसीएस या गटाच्या प्लेऑफमध्ये २४ संघ असतात, पहिल्या आठांना बाय, आणि अंतिम सामना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आयव्ही लीगची कॉलेजं तर अनेक दशकं प्लेऑफ खेळतच नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ते बदललं आणि २०२५ पासून त्यांचा विजेता एफसीएसच्या प्लेऑफमध्ये उतरतो. ही मागणी खेळाडू विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनीच पुढे आणली होती. मुलांना खेळायचं असतं, ताई. परीक्षा, थंडी, रिकामं हॉस्टेल, सगळं माहीत असून.

एक शक्यता लोक विसरतात. प्लेऑफ हुकला तरी एक जादा सामना मिळू शकतो. काही कॉन्फरन्स आपसात ठरवून बोल सामने घेतात: विस्कॉन्सिनमध्ये इस्थमस बोल होतो, पेनसिल्व्हेनियाच्या भागात सेंटेनियल आणि मॅक (मिडल अटलांटिक) या कॉन्फरन्सच्या संघांमध्ये अशी बोल मालिका खेळली गेली आहे. हे सामने साधारण मोसम संपल्यानंतरच्याच शनिवारी उरकतात, त्यामुळे तुमच्या लग्नाला त्यांचा त्रास नाही. अंतिम वर्षाच्या मुलांसाठी मात्र ते फार मोलाचे असतात.

आता तिकीट. तुमच्या दोघांचं आणि धाकटीचं तिकीट आज काढा, लग्नाच्या सोयीने. मुलाचं तिकीट वेगळं काढा, वेगळ्या बुकिंगवर, तारीख बदलता येईल असं. थोडे पैसे जास्त जातील. त्याची तारीख परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या दिवसाची धरा. प्लेऑफ असो नसो, परीक्षा तर आहेच. चौघांचं एकत्र बुकिंग केलंत आणि मग एकाची तारीख बदलायची वेळ आली, तर डिसेंबरच्या गर्दीत तुम्ही तासन्‌तास फोनवर ताटकळाल.

मग निर्णयाचे दिवस ठरवून टाका. पहिला, निवडीचा रविवार. तिथेच बहुतेकांचा प्रश्न मिटतो. दुसरा, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारची संध्याकाळ. त्यानंतरही संघ उरला असेल तर तिकीट पुढे ढकलायची तयारी ठेवा, आणि उपांत्यपूर्व फेरीही जिंकले तर लग्न त्याच्याशिवाय होईल हे मनाशी धरा. हे सगळं आत्ता, शांत डोक्याने, मुलासमोर आणि भाचीसमोर बोलून घ्या. भाचीला तुम्ही स्वतः फोन करा, त्याला करायला लावू नका. सामन्याच्या आठवड्यात एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने "बहिणीचं लग्न की संघ" हे ठरवायचं, असं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा तो मुलगा त्या शनिवारी धड खेळला नाही आणि घरच्यांशीही धड बोलला नाही.

शेवटचं एक, कारण याने एकदा फार धावपळ झाली होती. थँक्सगिव्हिंगला आणि परत नाताळला हॉस्टेलं कुलूपबंद होतात, संघातल्या मुलांना बऱ्याचदा दुसऱ्या इमारतीत हलवतात. आमच्या एका खेळाडूचा पासपोर्ट त्याच्या जुन्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये राहिला, त्या मजल्याच्या किल्ल्या ज्यांच्याकडे ते सुट्टीवर गेलेले, आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. सुरक्षा विभागातल्या एका भल्या माणसाने रात्री साडेदहाला येऊन दार उघडून दिलं. पुढच्या शनिवारी सामना बघायला जाल तेव्हा मुलाचा पासपोर्ट मागून घ्या आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवा.